चौथीपर्यंत मराठी, पाचवीला एकदम इंग्रजी: मुलांना व्याकरण शिकवू की पेपरातली भाषा?

सत्तरीची टीचर

नमस्कार. मी गोव्यात सत्तरी तालुक्यातल्या एका सरकारी मराठी प्राथमिक शाळेत शिकवते. तिसरी आणि चौथी एकाच खोलीत, दोन्ही मिळून तेरा मुलं. एका भिंतीला तिसरीचा फळा, समोरच्या भिंतीला चौथीचा, आणि मधे मी भोवऱ्यासारखी.

गेल्या वर्षीचा माझा एक मुलगा जूनमध्ये हायस्कुलात पाचवीला गेला. आपल्याकडची रीत सगळ्यांना ठाऊक आहेच. चौथीपर्यंत मराठी नाहीतर कोंकणी, आणि पाचवीचा उंबरठा ओलांडला की गणित, विज्ञान, समाजशास्त्र सगळं इंग्रजीतून. परवा त्याची आई पहिल्या चाचणीचे पेपर घेऊन माझ्याकडे आली. बाहेर पाऊस धो धो. पेपर एका प्लास्टिकच्या पिशवीत, ती पिशवी दुसऱ्या पिशवीत. माझ्या मेजावर तिने तो उलगडला तेव्हा वाटलं, रेशनकार्डच काढतेय.

गणिताचा प्रश्न होता, 'व्हॉट इज द डिफरन्स बिटवीन ४५ अँड २८?' पोराने लिहिलं होतं, '४५ इज बिग. २८ इज स्मॉल.' गुण शून्य.

मला आधी हसू आलं, मग ते गेलं. कारण वाक्यात चूक कुठे आहे हो? 'इज' जागच्या जागी, दोन्ही वाक्यांना पूर्णविराम. हेच तर मी दोन वर्षं घोटून घेतलं होतं. आणि हातच्याची वजाबाकी हा मुलगा तिसरीत असताना माझ्या आधी तोंडी करायचा. डिफरन्स म्हणजे फरक हे त्याला कुठूनतरी कळलं होतं, म्हणून त्याने फरक सांगितला. विज्ञानात 'गिव्ह रीझन: वेट क्लोद्स ड्राय फास्टर ऑन अ विंडी डे' याच्यापुढे त्याने लिहिलं, 'येस'. बरोबरच आहे. ज्याच्या घरी जूनपासून कपडे चुलीवरच्या दोरीला वाळत घालतात, त्याला वाऱ्याची किंमत आणखी कोणी सांगायची?

आई जाताना एवढंच म्हणाली, 'टीचर, तुमी ताका इंग्लीश शिकयलेंच ना?' म्हणजे, शिकवलंच नाही? रागाने नव्हे. त्यामुळेच जास्त लागलं.

माझ्या तासाला नाउन, व्हर्ब, अॅडजेक्टिव्हच्या व्याख्या होतात. मुलं त्या आरतीच्या चालीवर म्हणतात. 'नाउन इज अ नेम ऑफ अ पर्सन, प्लेस ऑर थिंग' हे तेराही जण एका सुरात म्हणतील, आणि 'थिंग' म्हणजे काय विचारलं तर एकमेकांकडे बघतील.

तर प्रश्न असा. रोजचा एक तास हातात आहे. तो व्याकरणाला द्यावा, की पेपरात आणि विज्ञानाच्या पुस्तकात जी भाषा येते तिला द्यावा? दोन्ही जमत असेल तर कसं? पुण्या-मुंबईच्या इंग्रजी शाळांचे उपाय कृपया सांगू नका. इथे प्रोजेक्टर नाही, आणि वीज आहे की नाही ते आभाळाला विचारावं लागतं.

---

जुना मास्तर

व्याकरणाला पर्याय नाही. आम्ही रोज दहा वाक्यांचं भाषांतर करायचो, 'टू बी'ची रूपं पाढ्यासारखी म्हणायचो, चुकलं की हातावर पट्टी. आमचं इंग्रजी आजही सरकारी पत्र लिहिण्याइतकं पक्कं आहे. हल्ली सगळ्याचा खेळ करतात आणि मग पोरांना साधं 'ही गो'ला 'गोज' लावता येत नाही. पाया पक्का करा, भिंती आपोआप उभ्या राहतात.

---

पाचवी ब

टीचर, मी तुमच्या पलीकडच्या काठावर उभा आहे. डिचोली तालुक्यात एका हायस्कुलात पाचवीला विज्ञान शिकवतो. तुमच्यासारख्यांची मुलं माझ्याकडे येतात. तुमच्या त्या पेपराला शून्य देणारा मी नव्हे, पण तसली शून्यं मीही दिली आहेत. त्यामुळे थोडं लांबडं लिहितो.

आधी एक गंमत. दोन वर्षांपूर्वी मी प्रश्न काढला होता, 'नेम द थ्री स्टेट्स ऑफ मॅटर.' एकाने लिहिलं, गोवा, कर्नाटक, महाराष्ट्र. मी लाल पेन उचललं आणि थांबलो. स्टेट म्हणजे राज्य, हे त्याला पक्कं माहीत. मॅटर म्हणजे भानगड, हेही गावात रोज ऐकू येतं, 'मॅटर झालं', 'मॅटर मिटवलं'. आणि म्हादई नदीच्या पाण्याच्या मॅटरमध्ये राज्यं तीनच आहेत, हीच! २०१८ मध्ये लवादाचा निवाडा आला तो याच तिघांच्या भांडणाचा. सांगा, पोराचं कुठे चुकलं? स्थायू, द्रव, वायू त्याला चौथीपासून येत होते. शब्दच दगा देऊन गेले.

म्हणून माझं पहिलं म्हणणं. मुलांना नडतात ते लांबलचक अवघड शब्द नव्हेतच. 'इव्हॅपोरेशन' आला की मूल सावध होतं, विचारतं, पाठ करतं. पाय घसरतो तो ओळखीच्या शब्दांवर. डिफरन्स, टेबल (मेज की पाढा की तक्ता?), प्रॉडक्ट, ऑड, फेस, मीन, स्टेट. यांचा बाजारातला अर्थ एक आणि पुस्तकातला दुसरा. वर्गात एक जुनं कॅलेंडर उलटं टांगा, मधोमध रेघ मारा, डावीकडे बाजार, उजवीकडे पुस्तक. शब्द भेटेल तसा चढवा. माझ्या वर्गात या कॅलेंडरवर मुलं माझ्यावरच कुरघोडी करतात.

दुसरं, प्रश्नातली हुकमाची क्रियापदं. नेम, लिस्ट, डिफाइन, गिव्ह रीझन, कम्पेअर. 'गिव्ह रीझन' दिसलं की उत्तरात 'बिकॉज' आलाच पाहिजे, 'कम्पेअर' दिसलं की दोन्ही वस्तूंची नावं आणि मधे 'बट'. एवढं जरी चौथीतून घेऊन आली तरी माझा अर्धा जून वाचेल. हे व्याकरणच आहे, फक्त व्याख्या सोडून वापराकडून आलेलं.

मास्तरांचं म्हणणं मी उडवून लावणार नाही. 'गोज' आलंच पाहिजे. पण चूक कुठून येते ते बघितल्याशिवाय नुसतं खोडून काही होत नाही. माझ्याकडे एका मुलीने निबंधात लिहिलं, 'माय सिस्टर इज इन कॉलेज. इट गोज बाय बस.' बघा मास्तर, 'गोज' बरोबर आहे! 'इट' वाचून स्टाफरूममध्ये हशा पिकला. पण ती घरी काय बोलते? 'तें कॉलेजीक वता.' कोंकणीत तरण्या मुलीला नपुंसकलिंग लावतात, त्यात मायाच असते. तिने 'तें'चं इमानदारीने 'इट' केलं. मी फळ्यावर तिन्ही भाषांचे तो-ती-ते शेजारी शेजारी मांडले आणि सांगितलं, इंग्रजीत माणूस असेल तर 'इट' चालत नाही, आणि वही, पेन्सिल, खुर्ची यांना ही नाही, शी नाही, सरसकट 'इट'. दहा मिनिटं लागली. पुन्हा ती चूक त्या वर्गात झाली नाही.

'अ' आणि 'द' यांचा नियम सांगत बसू नका, मला स्वतःला तो धड सांगता येत नाही. गोष्ट सांगा. 'एक होता राजा. त्या राजाला दोन राण्या.' पहिल्यांदा भेटला तो 'एक' राजा, दुसऱ्यांदा भेटला तो 'तो' राजा. अ किंग, द किंग. सगळं यात बसत नाही, पण चौथीला पुरतं. तसंच 'मेजावर' मधला 'वर' शेपटीला असतो आणि 'ऑन द टेबल' मध्ये तो डोक्यावर जातो, हे डस्टर इकडून तिकडे ठेवत खेळवा.

आता मुख्य गोष्ट, जी मला कळायला बारा वर्षं लागली. आपली मुलं पाचवीला पहिल्यांदाच परक्या भाषेत उडी मारतात असं आपण समजतो. ते खोटं आहे. ती उडी त्यांनी पहिलीत मारली आहे. घरी बोलतात ती कोंकणी, नाहीतर सत्तरीची, पेडण्याची बोली. 'बाष्पीभवन' कोणाच्या घरी बोलतात हो? 'पाणी तापवले जाते' असं कोणाची आजी म्हणते? पुस्तकी मराठी ही त्यांना नव्याने शिकावी लागलेली भाषा, आणि ती त्यांनी तुमच्याच वर्गात शिकली. मग इंग्रजीला वेगळा जिना कशाला? तोच वापरा. आधी घरची बोली, मग पुस्तकाची मराठी, मग पुस्तकाची इंग्रजी. 'तापवले जाते' समजलं आहे त्याला 'इज हीटेड' सांगायला किती वेळ लागतो?

एक करून बघा. स्टीलच्या पेल्यात फ्रीजमधलं गार पाणी, त्यात दोन सोलं (आमसुलं) चुरडून टाका, पाणी लाल झालं पाहिजे. पेला कोरडा पुसून मेजावर ठेवा. पाच मिनिटांत बाहेरून थेंब. कोणीतरी म्हणणारच, 'टीचर, पेलो पाझरता.' मग बोट लावून बघायला सांगा. आत लाल, बाहेर स्वच्छ. वर्ग गप्प होतो. या घडीला भाषा शिकवायची, आधी नाही, कारण आता त्यांच्याकडे सांगण्यासारखं काहीतरी आहे. बोलीत भांडू द्या. मग मराठीत 'संघनन'. मग इंग्रजीत कोणीतरी म्हणेल, 'इट केम आउटसाइड.' चुकलं म्हणू नका. विचारा, जो आज आला नाही त्याला हे वाक्य दिलं तर कळेल का? पावसाळ्यात कोणीतरी घरी असतोच. 'इट' म्हणजे काय? कशाच्या आउटसाइड? अशाने वाक्य वाढत जातं: 'वॉटर ड्रॉप्स केम आउटसाइड द ग्लास.' शेवटी 'वॉटर ड्रॉप्स फॉर्म्ड ऑन द ग्लास बिकॉज द वॉटर व्हेपर इन द एअर कूल्ड.' समोर दिसत असतं तेव्हा 'इट' चालतो, कागदावर चालत नाही. पुस्तकाची भाषा म्हणजे फार करून एवढंच, न आलेल्या माणसासाठी बोलणं.

घाई मात्र करू नका. जिम कमिन्स म्हणून कॅनडातले अभ्यासक आहेत, त्यांनी १९७९ मध्ये या दोन भाषा वेगळ्या काढून दाखवल्या, बोलण्याची आणि शिकण्याची. त्यांच्या मते परक्या भाषेत बोलता येणं साधारण दोन वर्षांत जमतं, पण अभ्यासाच्या भाषेत बरोबरीला यायला पाच ते सात वर्षं जातात. तीही चहूकडे इंग्रजी असलेल्या देशात. आम्ही हायस्कूलवाले ते जून ते ऑगस्ट मागतो.

---

दोघांचा बाप

सर, पटलं, पण मग मुळातच पहिलीपासून इंग्रजी का नको? १९९० पासून अनुदान फक्त मराठी-कोंकणी प्राथमिक शाळांना, २०११ मध्ये ते इंग्रजीलाही खुलं झालं, तेव्हापासूनचे मोर्चे आणि भाषणं ऐकून कान किटले. आणि २०२०चं शिक्षण धोरण म्हणतं, निदान पाचवीपर्यंत मातृभाषा, जमलं तर आठवीपर्यंत. आमच्याकडे चौथीलाच पाटी बदलते. आमची पोरं कुठल्या धोरणात बसतात?

माझी थोरली मराठीतून शिकली, धाकटा इंग्रजी शाळेत, आता तिसरीला. धाकटा घरभर इंग्रजी फाडतो, आजीशीसुद्धा. आजी त्याला 'हय रे पात्रांव' (हो रे मालक) म्हणते. पण काल त्याची वही बघितली. 'गिव्ह रीझन' खाली त्यानेही 'येस' लिहिलंय. शप्पथ. हा धागा वाचला नसता तर मी दोन थोतरीत दिल्या असत्या.

---

सत्तरीची टीचर

'येस' वाचून आमच्या घरात सगळे हसले. माझा मुलगा म्हणाला, 'आई, ही साथ आहे.'

मास्तर, तुमचा मान राखून सांगते, पट्टी मीही खाल्ली आहे. मला आजही 'टू बी'ची रूपं झोपेत म्हणता येतात, आणि बीएडच्या पहिल्या सेमिनारला माझ्या तोंडून एक वाक्य फुटलं नव्हतं.

पाचवी ब, तुमचं घरच्या बोलीचं म्हणणं दोन दिवस डोक्यात आहे. मी वर्गात कोंकणी आली की 'मराठीत बोला' म्हणते. सवयीने. शाळा तपासायला कोणी आलं तर काय म्हणतील, हीही भीती. उद्या सोलं घेऊन जाते. फ्रीज शाळेत नाही, बाटली घरून न्यावी लागेल, पोचेपर्यंत कोमट होऊ नये म्हणजे मिळवली.

---

काजूवाला

मी शिक्षक नाही, बागायतदार. पण टीचर, संघनन शिकवायला पेला कशाला? तुमच्या वर्गातल्या निम्म्या पोरांच्या घरी काजूची भाटी असणार. एप्रिल-मेमध्ये ती आजोबाच्या शेजारी बसून तेच बघतात. नीरो (काजूच्या बोंडांचा रस) तापतो, वाफ नळीतून जाते, दुसऱ्या मडक्यावर गार पाणी ओतत राहायचं, आत थेंब थेंब हुर्राक. हुर्राक पुन्हा गाळला की फेणी. आमच्या फेणीला २००९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं आहे, लाजायचं कारण नाही. पाणी ओतायचं थांबवलं तर काय होतं, हे आमच्या बारक्यांना विज्ञानाच्या पुस्तकापेक्षा चांगलं ठाऊक आहे, कारण त्यासाठी त्यांनी बोलणी खाल्लीत.

---

पाचवी ब

काजूवाले, हे मी वर्गात बोललो तर पालकसभेत माझीच भाटी लावतील. पण उदाहरण नंबर एक.

---

सत्तरीची टीचर

चवथ (गणेशचतुर्थी) आटोपली, शाळा सुरू झाली, म्हणून आता लिहिते आहे. तुम्हा सगळ्यांना कळवायचं राहिलं होतं.

पेल्याचा प्रयोग पहिल्या दिवशी फसला. बाटली कोमट झाली, थेंब आले नाहीत, मुलं पेल्याकडे आणि मी मुलांकडे बघत बसलो. शेवटी आम्ही ते सोलांचं पाणी साखर घालून पिऊन टाकलं. दुसऱ्या दिवशी शेजारच्या दुकानातून बर्फ आणला. थेंब आले. 'पेलो पाझरता' हे अक्षरशः त्याच शब्दांत एकाने म्हटलं, तेव्हा मला तुमची आठवण झाली. बोट लावून झालं, जिभेवर लावून झालं ('टीचर, आंबट ना!', म्हणजे आंबट नाही), मग भांडण. मी एकदाही 'मराठीत बोला' म्हटलं नाही. जड गेलं.

त्या दिवशी तिसरीतली एक मुलगी गैरहजर होती, ओढ्याला पाणी चढलं होतं. तिच्यासाठी चौथीने चार वाक्यं लिहिली. दुसऱ्या दिवशी ती आली, वाक्यं हातात घेतली, आणि तिने फक्त वाक्यांत लिहिलंय तेवढंच करायचं असा नियम केला. पहिलंच वाक्य, 'पुट आइस इन द ग्लास.' तिने वर्गभर बघितलं आणि विचारलं, 'खंयचो ग्लास?' मेजावर तीन होते. चौथीची मंडळी ओरडली, 'स्टीलचा!' मग खोडाखोडी. 'टेक अ स्टील ग्लास. पुट आइस इन द ग्लास.' 'अ' आणि 'द' आपापल्या जागी जाऊन बसले, मी राजा-राणी काढायच्या आधीच.

भाटीचं मी काढलं नाही. मुलांनीच काढलं. बर्फाचा पेला बघून चौथीतला एक जण म्हणाला, 'आमच्या भाटयेर अशेंच जाता.' मग अर्धा तास तो शिकवत होता आणि मी खडू घेऊन उभी. शेवटी फळ्यावर जे वाक्य उरलं ते असं: 'व्हेन माय ग्रँडफादर पोअर्स कोल्ड वॉटर ऑन द पॉट, द व्हेपर कूल्स अँड ड्रॉप्स फॉर्म इनसाइड.' 'पोअर्स'चा 'स' त्याने विसरला होता. तिसरीतल्या कोणीतरी आठवण करून दिली, मी नाही. मास्तर, हे खास तुमच्यासाठी लिहिलं.

सगळं काही असं गोड नाही. 'बिकॉज' शिकवल्यापासून तो सगळीकडे येतो आहे. 'माय नेम इज अमुक बिकॉज माय मदर टोल्ड.' उलट्या कॅलेंडरवर आतापर्यंत एकोणीस शब्द झाले. आणि वरच्या अधिकाऱ्यांना दाखवायच्या वहीत नाउनची व्याख्या लिहून घ्यावीच लागली, ती घेतली.

तो पाचवीतला मुलगा चवथीच्या सुट्टीत आईबरोबर आमच्याकडे गणपती बघायला आला होता. माटोळीखाली, म्हणजे गणपतीच्या वर फळं टांगायच्या चौकटीखाली, उभा राहून वर टांगलेली तोरिंजनं मोजत होता. मी सहज विचारलं, 'व्हॉट इज द डिफरन्स बिटवीन ४५ अँड २८?'

'सेव्हन्टीन,' तो लगेच म्हणाला. मग नेवरी तोंडात टाकत, 'पण टीचर, ४५ व्हडच न्हय?'